नक्कल, अनुकरण आणि ‘सगळे करतात म्हणून’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक सभेत नाहीतर वाचनालयात या विषयावर बोलून झालं की मी घरी पोचायच्या आत फोनवर मेसेज सुरू होतात, आणि त्यातले निम्मे तेच ते असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त सासूबाईंबद्दलचे उल्लेख गाळलेत. जे एका उत्तरात आलंय ते दुसरीकडे परत लिहिलं नाहीये, तिथे नंबर दिलाय.

१. नक्कल आणि शिकणं यात फरक काय? आम्हाला तर शाळेत कॉपी केली की पट्टी बसायची.

परीक्षेतल्या कॉपीत आपण उत्तर उचलतो, रीत नाही, म्हणून ती वेगळी. इथे नक्कल म्हणजे दुसऱ्याला काहीतरी करताना बघून आपण ते करणं, आणि बोलणं, साडी नेसणं, गर्दीच्या लोकलमध्ये शिरणं यातलं बहुतेक सगळं आपण असंच शिकलोय, कोणी बसवून शिकवलेलं नाही. त्यातही प्रकार आहेत. शेजारणीने गच्चीवर पापड घातलेले दिसले आणि तुम्हाला आपल्या गच्चीत ऊन येतं हे आठवलं, हा एक. आपणही पापड करावेत असं वाटलं पण केले आपल्या पद्धतीने, हा दुसरा. आणि तिच्यासारखंच लाटी तेलात बुडवून, तसाच हात फिरवून लाटले, ही खरी नक्कल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून या विषयावर भांडणं फार होतात. ‘नक्कल करायलाही अक्कल लागते’ असं आपण टोमणा म्हणून म्हणतो, पण ते शब्दशः खरं आहे.

२. बाळ जन्मल्या जन्मल्या नक्कल करतं म्हणे? आपण जीभ काढली की तेही काढतं?

हे १९७७ पासून पुस्तकांत आहे. मेल्ट्झॉफ आणि मूर या दोघांनी दोन-तीन आठवड्यांच्या बाळांसमोर जीभ काढली, तोंड उघडलं, आणि बाळं तसंच करतात असं मांडलं. मग २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात १०६ बाळांना पहिल्या आठवड्यापासून नवव्या आठवड्यापर्यंत परत परत तपासलं, तर नक्कल काही सापडली नाही, कारण बाळं जीभ काढतच असतात, समोर कोणी हसलं तरी काढतात. वाद अजून मिटलेला नाही पण माझं मत विचाराल तर जन्मजात वगैरे छातीठोकपणे सांगू नये. वर्षाच्या आसपास मात्र शंका घ्यायला जागाच उरत नाही, रिमोट कानाला लावून ‘हॅलो’ सुरू झालेलं असतं.

३. माझी मुलगी बिनकामाच्या गोष्टीसुद्धा जशाच्या तशा करते. काही प्रॉब्लेम आहे का?

नाही, उलट हेच माणसाचं खास लक्षण आहे.

माझी भाची साडेतीन वर्षांची असताना आईसमोर पाट घेऊन बसायची, भाकरी थापताना बघायला. आई गॅसच्या धगीने दर भाकरीला एकदा मनगटाने कपाळावरचा घाम पुसायची. भाचीला पिठाचा छोटा गोळा दिला तर ती थाप थाप थाप, मग मनगट कपाळाला, मग परत थाप. घाम कुठला, पंख्याखाली बसली होती ती! तिच्या हिशोबाने ती भाकरीची एक स्टेप होती.

२००५ मध्ये हॉर्नर आणि व्हाइटन यांनी हेच चिंपांझी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांवर करून बघितलं. एक खोका, आत खाऊ, आणि काढून दाखवताना माणूस आधी वरच्या भोकात उगाच काठी खुपसायचा. खोका अपारदर्शक होता तोवर चिंपांझीही काठी खुपसत होते. पारदर्शक खोका दिला, वरच्या भोकाचा काही संबंध नाही हे दिसलं, की चिंपांझींनी ती स्टेप सोडून दिली. मुलं मात्र सगळं दिसत असूनही इमानदारीत काठी खुपसत राहिली.

आता यात मूर्ख कोण? अळूचं फदफदं आठवा. त्यात चिंच का घालायची हे आजीला विचारलं तर ‘घालतात’ एवढंच उत्तर मिळायचं, पण स्वतःचं डोकं चालवून चिंच गाळणाऱ्याचा घसा खाजायचा, कारण अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात आणि आंबटाने त्यांचा त्रास कमी होतो. कारण माहीत नसताना आख्खी रेसिपी उचलणं म्हणूनच शहाणपणाचं ठरतं. त्याची दुसरी बाजू म्हणजे ती श्राद्धातल्या मांजराची गोष्ट, एकाने त्रास देणारी मांजर श्राद्धापुरती टोपलीखाली झाकली आणि पुढच्या पिढ्या श्राद्ध आलं की मांजर शोधत फिरायला लागल्या. चिंच आणि मांजर, दोन्ही एकाच सवयीतून आलेत, आणि करताना कुठलं काय आहे ते कळत नाही, हीच तर गोम आहे.

४. पण नक्कल तर माकडं करतात ना? टोपीवाल्याची गोष्ट?

टोपीवाल्याच्या गोष्टीने माकडांना उगाच क्रेडिट दिलंय. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये इमो नावाच्या लहान माकडिणीने रताळं पाण्यात धुवून खायला सुरुवात केली आणि हळूहळू बाकीची माकडं धुवायला लागली, हे उदाहरण सगळे देतात. पण ते पसरलं इतकं सावकाश, आधी तिच्या आईत आणि खेळगड्यांत आणि मग वर्षानुवर्षं इतरांत, की कित्येक अभ्यासकांना वाटतं प्रत्येक माकड पाण्याजवळ जाऊन स्वतःचं स्वतःच शिकलं असेल (प्रश्न १ मधला गच्चीवाला प्रकार). हुबेहूब नक्कल करण्यात माणसाचं पिल्लू सगळ्यांच्या पुढे आहे. ‘माकडचाळे’ हा शब्द बदलायला हवा खरं तर.

५. आम्ही सांगतो ते ऐकत नाहीत आणि आम्ही करतो ते बरोब्बर उचलतात. काय करायचं?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोच. बांडुरा यांचा १९६१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुलं, काहींसमोर एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवतो, आणि मग त्या मुलांना तोच बाहुला मिळाला की तीही तशीच बडवतात, तेच शब्द वापरून. त्यावर टीकाही आहे, तो बाहुला ढकललं की परत उभा राहणारा, म्हणजे बडवायलाच बनवलेला, त्यावरून घरातल्या मारामारीबद्दल किती बोलावं?

मला त्यांचा १९६५ चा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात बडवणाऱ्याला शिक्षा झालेली बघून मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर ‘करून दाखव, बक्षीस देते’ म्हटल्यावर त्यांनाही सगळं येत होतं! म्हणजे शिकणं झालेलं असतं, दाखवणं बाकी असतं. त्यामुळे ‘आमच्यासमोर तरी करत नाही’ यावर फार विसंबू नका. आणि जेवताना मोबाईल नको असेल तर आधी स्वतःचा बाजूला ठेवा, दुसरा शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

६. माणूस नेमकी कोणाची नक्कल करतो? कोणाचीही?

नाही, फार निवडून करतो. चौदा महिन्यांची बाळंसुद्धा निवडतात. २००२ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी बाळांसमोर कपाळाने बटण दाबून दिवा लावला. बाईंचे हात मोकळे होते तेव्हा ६९ टक्के बाळांनी कपाळानेच दाबलं. बाईंनी अंगाभोवती शाल घट्ट धरलेली, हात अडकलेले, तेव्हा फक्त २१ टक्के, कारण बाळाच्या हिशोबाने ‘बिचारीचे हात बिझी होते’. (मग प्रश्न ३ मधली मुलं काठी का खुपसतात? तिथे शिकवणाऱ्याला कसलीच अडचण दिसत नव्हती, म्हणजे मुद्दामच करतोय, म्हणजे काहीतरी कारण असणार.)

मोठेपणी आपण बघतो ते मान कोणाला आहे, आपल्यासारखं कोण आहे, आणि जास्त लोक काय करतायत. मानाचं आपल्याकडचं अस्सल उदाहरण म्हणजे बालगंधर्व. स्टेजवर स्त्रीची भूमिका करणारा पुरुष, आणि त्याची साडी नेसायची तऱ्हा, गजरा, दागिने बघून खऱ्या बायका घरी जाऊन तसं करायच्या! गंमत अशी की मानाची नक्कल विषयापुरती राहत नाही. क्रिकेटरची बॅटिंग उचलणं समजू शकतो, पण आपण त्याच्या सांगण्यावरून बनियनही घेतो. जाहिरातवाल्यांचं पोट यावरच आहे.

७. सगळे चुकीचं बोलतायत हे डोळ्यांना दिसत असून माणूस ‘हो’ ला ‘हो’ का करतो?

सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत हेच तपासलं. तीन रेघांपैकी कुठली चौथीएवढी आहे सांगा, पोरालाही जमेल इतकं सोपं. पण आधी बोलणारे सगळे फितवलेले आणि मुद्दाम चुकीचं सांगणारे. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीसारखी चुकीची आली आणि तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी घसरले.

हे ऐकून लोक ‘माणूस म्हणजे मेंढरू’ असं म्हणून मोकळे होतात. पण उलटं वाचा ना, दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि चतुर्थांश लोक एकदाही हलले नाहीत. शिवाय फितवलेल्यांतला एक जण जरी खरं बोलला तरी चुका धाडकन खाली आल्या. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचं असलं तरी कमी झाल्या, म्हणजे बऱ्याच जणांना दिसत बरोबरच होतं, फक्त वाईटपणा नको होता. सोसायटीच्या मीटिंगला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

अनोळखी गर्दीचंही असंच. १९६९ मध्ये मिलग्राम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर माणसं उभी करून एका खिडकीकडे बघायला लावलं. एकटा वर बघत होता तेव्हा ४ टक्के लोक थांबले, पंधरा जण बघत होते तेव्हा ४० टक्के. वर बघण्यासारखं खास काहीच नव्हतं.

८. एखादी कल्पना गावभर पसरते ती कशी? जाहिरातीने की बघून?

कळते जाहिरातीने, पटते शेजाऱ्याचं बघून. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या दोन गावांत संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं यावर रायन आणि ग्रॉस यांचा १९४३ चा अभ्यास आहे, २५९ शेतकरी. सगळ्यात जास्त जणांना पहिल्यांदा कळलं ते सेल्समनकडून, पण पेरलं ते शेजाऱ्याचं पीक बघून. आणि त्यांनीही आधी एका तुकड्यात लावून बघितलं आणि मग सगळ्या रानात. सुरुवातीला वर्षानुवर्षं दोन-चार जण, मग एकदम झुंबड, आणि शेवटी हट्टी लोक उरतात.

आपल्याकडचं सार्वजनिक गणेशोत्सवाचं बघा. सुरुवात कोणाची यावर पुण्यात अजून आवाज चढतात, १८९२ चे भाऊसाहेब रंगारी की १८९३ चे टिळक, त्यात मी पडत नाही. पण मुंबईत गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ लाच गणपती बसला, आणि मग गावोगाव. टिळकांचं नाव आणि ‘केसरी’ होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उचलायला सोपं होतं. घरात गणपती बसवणं सगळ्यांना येतच होतं, ते फक्त बाहेर मांडवात आणायचं. मांडव रस्त्यात, म्हणजे पलीकडच्या आळीला दिसणारच, आणि त्यांचा आहे तर आपला का नाही! जी गोष्ट चारचौघांत दिसते ती पसरते. घरात बसून रोज कोणी हिशोब लिहितो, ती सवय कितीही चांगली असली तरी पसरत नाही कारण कोणाला दिसतच नाही.

९. १९९५ ला गणपती दूध प्यायला ते काय होतं मग? मी स्वतः पाजलंय!

मीही रांगेत होते, लपवत नाही. २१ सप्टेंबर १९९५, दिल्लीतून बातमी सुटली आणि त्याच दिवशी देशभर, इतकंच काय परदेशातल्या देवळांतही चमचे घेऊन लोक उभे. ना व्हॉट्सअ‍ॅप, ना मोबाईल, सगळं लँडलाईन, एसटीडी बूथ आणि टीव्हीवर. दूध जात होतं हे खरं, पण जात होतं मूर्तीच्या अंगावरून खाली. चमचा तिरका करून सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि ओल्या मूर्तीवरून पातळ थराने उतरतं, पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग टाकून दाखवलं तेव्हा ओघळ दिसला.

यात दोन नकला एकत्र झाल्या म्हणून ते इतकं पळालं. एक, ‘सगळे जातायत’. दोन, प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करून बघता येत होतं आणि ते ‘होत’ होतं. नुसती ऐकीव गोष्ट असती तर संध्याकाळपर्यंत विझली असती.

१०. ‘मीम’ म्हणजे ते हसायचे फोटोच ना?

आता तेच. पण शब्द १९७६ चा आहे, जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी ‘द सेल्फिश जीन’ मध्ये बनवलेला. नक्कलेसाठीचा ग्रीक शब्द कापून ‘जीन’ शी यमक जुळेल असा केला. म्हणणं असं की जीन जसा कॉपी होत जातो तशी चाल, म्हण, फॅशन डोक्यातून डोक्यात कॉपी होते आणि जी चिकटते ती टिकते. उपमा मस्त आहे पण फार ताणू नये, कारण डोक्यातून डोक्यात जाताना गोष्ट बदलते. एकच आरती दोन गावांत ऐका.

११. हिट होतं ते चांगलं असतंच म्हणून होतं ना?

थोडंफार. २००६ मध्ये सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी १४,३४१ लोकांना ऐकवली. काहींना नुसती गाणी, बाकीच्यांची आठ वेगवेगळी ‘जगं’ केली आणि त्यांना आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी डाऊनलोड केलं ते दिसत होतं. आठही जगांत हिट वेगळी निघाली! एकदम उत्तम गाणं सहसा आपटलं नाही, एकदम भिकार गाणं सहसा वर गेलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं, आणि आकडे दिसत होते तिथे मोठ्या-छोट्यातली दरी जास्त वाढली.

१२. आमच्याकडे एकाने टोमॅटो लावला की सगळं गाव टोमॅटो लावतं आणि मग रस्त्यावर ओततं. इतकं कळत कसं नाही?

कळतं हो. शेजाऱ्याला गेल्या वर्षी भाव मिळाला ही खरी माहिती आहे. घोळ असा की तीच माहिती सगळ्यांकडे आहे आणि यंदा किती जण लावणार ही कोणाकडेच नाही.

त्याहून वाईट प्रकार एमू पक्षी आणि कडकनाथ कोंबडी पाळायच्या योजनांचा. पहिले दोघे-तिघे विचार करून उतरतात, चौथा म्हणतो तिघांनी चौकशी केलीच असेल, पाचवा म्हणतो चौघांनी, आणि विसाव्या माणसापर्यंत चौकशी केलेले फक्त पहिले तिघेच असतात. अर्थशास्त्रात १९९२ पासून याला माहितीचा धबधबा म्हणतात. एमूचं २०१२ च्या सुमारास कोसळलं, कडकनाथचं २०१९ ला पश्चिम महाराष्ट्रात, आणि दोन्हीकडे सुरुवातीच्यांना पैसे खरंच मिळाले होते ते मागून येणाऱ्यांच्या खिशातले. पक्षी विकत घेणारे लोक होते, खाणारे कुठे होते, हा प्रश्न विचारायचा राहिला. नक्कल करताना फायदा झालेला दिसतो, बुडालेला माणूस बाजारात छाती काढून फिरत नाही.

१३. सगळेच नक्कल करायला लागले तर नवीन कोण शोधणार?

बरोब्बर अडचण. अ‍ॅलन रॉजर्स यांनी १९८८ मध्ये गणिताने दाखवलं की नुसते आंधळे नकलाकार वाढले तर गटाचा काहीच फायदा होत नाही, कारण जग बदलतं आणि हे जुनंच कॉपी करत बसतात.

पण मग २०१० चा निकाल आला. संशोधकांनी १०,००० युरोचं बक्षीस लावून कॉम्प्युटरवर स्पर्धा घेतली, बदलत्या जगात टिकायचं, स्वतः शोधा नाहीतर दुसऱ्याचं बघा, १०४ एंट्री आल्या. जिंकली ती जवळजवळ पूर्ण बघून शिकणारी. कारण छान आहे: प्रत्येक जण आपल्याला जमणाऱ्यातली सगळ्यात बरी गोष्टच करत असतो, म्हणजे बघणाऱ्याला माल आधीच चाळून मिळतो. फक्त त्या एंट्रीला जुनी माहिती कधी टाकायची हे कळत होतं. (चाळणी खोटी असली की काय होतं ते १२ मध्ये.)

आणि नक्कल आणि नवेपणा हे वैरी आहेत असंही नाही. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब गायचे, त्यावरच नाव झालं. पुढे त्यांच्याइतकं स्वतंत्र गाणं शोधून सापडणार नाही.

१४. ‘इथे रोज लोक कचरा टाकतात, लाज वाटू द्या’ असा बोर्ड लावला, कचरा वाढला. असं कसं?

कारण तुम्ही बोर्डावर लिहिलंत की इथे सगळे टाकतात! अमेरिकेत अ‍ॅरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट म्हणून पार्क आहे, लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेतात. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले. ‘आधी खूप लोकांनी नेले’ या पाटीजवळ जवळपास ८ टक्के गेले, ‘कृपया नेऊ नका’ या साध्या पाटीजवळ १.७ टक्के. तर बोर्ड बदला, आणि त्याआधी एकदा जागा झाडून घ्या, ढीग स्वतःच बोर्ड असतो.

१५. हे सगळं मिरर न्यूरॉनमुळे होतं ना?

इतकं सरळ नाही. इटलीत पार्मा इथे १९९० च्या सुरुवातीला मकाक माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्या स्वतः शेंगदाणा उचलताना आणि दुसऱ्याने उचललेला बघताना, दोन्ही वेळा चालू होतात. पण मकाक नकलेत फारसे हुशार नाहीत, म्हणजे नुसत्या या पेशी असून भागत नाही.

१६. आत्महत्येच्या बातम्यांनी खरंच फरक पडतो का?

पडतो. १९७४ मध्ये फिलिप्स यांनी ठळक बातम्यांनंतर संख्या वाढते हे दाखवलं, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आहेत, पद्धत वर्णन करू नका, पहिल्या पानावर मिरवू नका. कोणी त्रासातून बाहेर आल्याची गोष्ट मात्र मदत करते. मनमोकळं विचारण्याने हे ‘लागत’ नाही, काळजी वाटत असेल तर विचारा. टेली मानस हेल्पलाइन १४४१६, मराठीतही बोलता येतं.

१७. स्पेनमध्येही दहीहंडीसारखे मनोरे लावतात. आपलंच बघून ना?

फॉरवर्ड मलाही आलाय. कॅटलोनियातले ते कास्तेल व्हाल्स गावाच्या भागातले जुने आहेत, २०१० ला युनेस्कोच्या यादीत गेले. सारखं दिसलं म्हणजे नक्कल असं नसतं. माणसांवर माणसं रचायची तर खाली जाड थर, मधे दणकट आणि वर हलकं पोरगं, याला दुसरा उपायच नाही. नक्कल ओळखायची ती बिनकामाच्या गोष्टींवरून, भाकरी थापताना घाम नसलेलं कपाळ पुसणं दोन घरांत दिसलं तर मी म्हणेन की कोणीतरी कोणाचंतरी बघितलंय.

१८. आम्ही मुलाचं नाव एकदम युनिक ठेवलं होतं आणि वर्गात तेच नाव तिघांचं. कोणी कोणाची कॉपी केली?

कोणीच नाही आणि सगळ्यांनी. तुम्ही जुनी नावं नकोत असं ठरवलंत, त्या वर्षी सगळ्यांनी तेच ठरवलं. दोन-तीन अक्षरी हवं, संस्कृत वाटलं पाहिजे, परदेशात उच्चारता आलं पाहिजे, हे निकषही सारखे, आणि शोधलंत त्याच याद्यांमध्ये. वेगळं दिसायची इच्छासुद्धा आपण बघूनच घेतो. परवा एका बालवाडीच्या गेटवर बाईंनी ‘विहान’ अशी हाक मारली आणि चार डोकी वळली, तर मागून एक आजोबा वैतागून म्हणाले, आमच्या वेळी हे चौघं बाळू असते.